फळ्यावरचा मान

केरीच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला फळ्यावर कोणाचं नाव कितव्या ओळीत यावं, यावरून गावात मानपानाचं प्रकरण उभं राहील, असं कृष्णनाथ मास्तरांना कोणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या तासाला सरळ इतिहास शिकवला असता. इतिहासातली माणसं मेलेली असतात. ती संध्याकाळी घरी येऊन जाब विचारत नाहीत.

पण इंग्रजी शिकवणं भाग होतं. शाळा सातवीपर्यंत. गावाने आठवीचा वर्ग मागितला होता, आणि त्यावर शिक्षण खात्याचं पत्र आलं होतं की मार्चमध्ये इन्स्पेक्टर येतील, इंग्रजीचा एक आदर्श पाठ बघतील आणि मग ठरवतील. पाठाचा विषयही पत्रातच होता: रिलेटिव्ह प्रोनाउन्स. म्हणजे हू, विच, हूज ही मंडळी. इंग्रजीचे प्रशांत सर दिवाळीतच पणजीला सरकारी नोकरीत गेले होते. गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं आणि राज्य म्हटलं की कचेऱ्या आल्या, कचेऱ्या म्हटलं की कारकून आले. तेव्हा इंग्रजीचं जू तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या कृष्णनाथ मास्तरांच्या मानेवर येऊन पडलं.

मास्तर नाही म्हणणार होते. पण सातवीत अश्विनी होती.

सातवीत मुलं अकरा. दहाजण पुढे बसने पेडण्याला जाणार हे नक्की होतं. अश्विनीचं नक्की नव्हतं. तिचा बाप डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. आई शेवंता सिंधुदुर्गातली, दहा वर्षांमागे केरीत आलेली, लोकांच्या काजूच्या बागांत मजुरीला जाणारी. दहा वर्षं म्हणजे केरीच्या हिशेबाने कालच. गाव तिला अजून 'भायली', म्हणजे बाहेरची, म्हणे. शेवंताने मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, "आठवी हयच जाली तर चेडू शिकतला, मास्तरानूं. बशीन पेडण्याक धाडूची नाय. सकाळी गेल्ली ती सांजेक येतली, धाकट्याक कोण सांबाळतलो?" अश्विनी मास्तरांना तीस वर्षांत मिळालेली सर्वांत हुशार मुलगी होती, आणि ही गोष्ट त्यांनी तिला सोडून साऱ्या गावाला सांगितली होती.

म्हणून वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मास्तर हू आणि विच पाठ करायला बसले. त्यांचं स्वतःचं शिक्षण पोर्तुगिजांच्या काळातलं. पोर्तुगीजमध्ये एकटा 'के' घरातल्या थोरल्या सुनेसारखा सगळी कामं ओढायचा. माणूस असो, होडी असो, की होडीतला मासा. इंग्रजीत मात्र वाटण्या झालेल्या. माणसाला हू, वस्तूला आणि जनावराला विच, आणि कोणाचं काय हे सांगायचं तर हूज. मास्तर न्हाणीतसुद्धा पुटपुटत असत. त्यांची बायको तारा बाहेरून विचारी, "पाणी गरम आसा मां?" आणि आतून उत्तर येई, "विच."

पत्रात एक ओळ तांबड्या शाईने अधोरेखित होती: उदाहरणं विद्यार्थ्यांच्या परिसरातली हवीत. ही ओळ ज्या कोणी लिहिली त्याला परिसर म्हणजे झाडं, नदी, डोंगर असं काहीतरी म्हणायचं असावं. मास्तर प्रामाणिक माणूस. केरीचा परिसर म्हणजे केरीची माणसं, असं त्यांनी धरलं आणि फळ्यावर पाच वाक्यं लिहिली.

पहिलं वाक्य यशवंताचं. तो केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट चालवी. 'यशवंत इज द मॅन हू ड्राइव्हज द फेरी.' यशवंत म्हणजे फेरी चालवणारा माणूस. दुसरं वाक्य शाळेशेजारच्या गणपतचं: 'गणपत इज द मॅन हूज डॉग बाइट्स.' गणपत म्हणजे ज्याचा कुत्रा चावतो तो माणूस. तिसरं विहिरीचं, चौथं कोणीतरी नेलेल्या शाळेच्या शिडीचं. आणि पाचवं देवस्थानचे पहिले मानकरी पांडुरंग परब यांचं: 'पांडुरंग इज द मॅन हू ब्रेक्स द कोकोनट.' पांडुरंग म्हणजे देवापुढे नारळ फोडणारा माणूस. वाक्यं साधी होती, खरी होती आणि व्याकरणाला धरून होती. यातलं पहिलं आणि तिसरं कारण कोणाला भांडायला पुरत नाही. दुसरं पुरतं.

मुलांनी वाक्यं घरी नेली. मुलं बाराखडी घरी नेत नाहीत, पाढे नेत नाहीत, पण ही वाक्यं त्यांनी नेली.

संध्याकाळी गणपत आला. व्हरांड्याच्या पायरीवर बसला, तारेने दिलेला चहा प्यायला, आणि मग म्हणाला, "मास्तर, माजो सुणो चाबता ही गोष्ट खरी. पूण ती आमच्या वाड्यातली गोष्ट. ती इंग्लिशीत घालून पणजेपर्यंत कित्याक व्हरतात?"

मास्तरांनी हे केवळ उदाहरण असल्याचं सांगितलं.

"जाल्यार ताका राखण करपाक लायात. राखण पूण करता तो."

मास्तरांनी विचार केला. व्याकरणाची काहीच हानी नव्हती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणपतचा कुत्रा चावायचा थांबला आणि गावाची राखण करू लागला. प्रत्यक्षात त्याने त्याच दिवशी पोस्टमनला धरलं, पण ते फळ्याच्या बाहेर.

इथेच मास्तर चुकले. वाक्य बदलून मिळतं, ही बातमी दुपारच्या फेरीबरोबर तेरेखोलला जाऊन परत आली. यशवंत म्हणाला, नुसती फेरी कोणीही चालवील. आपण वेळेवर चालवतो हे त्यात यायला हवं. शिडीच्या वाक्यात आपण शिडी नेल्याचा उल्लेख आहे, तो काढून शिडी दिल्याचा घालावा, असं एकाने सुचवलं. ज्यांचं नावच नव्हतं ते तर रोज येऊ लागले. मास्तर शाळेतून घरी यावेत तो स्वयंपाकघरात कधी नारळांचा ढीग, कधी उकड्या तांदळाची पिशवी, कधी सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोलंबीचा, पुडा.

"हे कोणी दिलं?" मास्तर विचारत.

"लोकांनी दिलां," तारा शांतपणे सांगे. "मी मागलां नाय, तुमीय मागलां नाय. मगे वाईट कितां जालां?"

मास्तरांना वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. तीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला, त्यात कोणी शेवग्याची एक शेंग आणून दिली नव्हती. विद्येचा मान कधी नव्हे तो घरात आला, आणि तो हू आणि विच यांच्या नावाने आला. त्यांनी सुंगटं परत पाठवायचं ठरवलं, पण तोवर तारेने खोबरं घालून त्यांची किसमूर केली होती आणि ती उत्तम झाली होती.

आठवड्याने पांडुरंग परब आले. पांडुरंग कोणाच्या घरी सहसा जात नसत, लोक त्यांच्याकडे जात. त्यांनी चहा घेतला नाही.

"मास्तर, फळ्यार माजां नाव पाचवां?"

"होय."

"आणि सुण्याचां?"

"दुसरं," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना आपलंच उत्तर ऐकू आलं.

पांडुरंगांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "गाऱ्हाण्यात पयलां नाव कोणाचां येता?"

"तुमच्या घराचं."

"मगे?"

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे घातलेलं मागणं. एकाने उभं राहून एकेक नाव, एकेक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्यापाठी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. त्यातला नावांचा क्रम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो चुकला तर भर सभेत खुर्च्या उलथतात. आता मास्तरांनी गावातली नावं घेऊन एकाखाली एक वाक्यं मांडली होती, आणि मुलं ती एका सुरात म्हणत होती. गावाला त्यात गाऱ्हाणंच दिसणार, दुसरं काय दिसणार? ही गोष्ट मास्तरांच्या आधीच ध्यानात यायला हवी होती. ते ह्याच गावचे.

मास्तरांनी पांडुरंगांना पहिलं केलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण यशवंत हटून बसला. एकदा दिलेला मान काढून घेतात तेव्हा तो नुसता जात नाही, अपमान होऊन परत येतो, असं त्याचं म्हणणं. शेवटी दोघेही देवळात गेले. जाताना मास्तरांना घेऊन गेले, कारण गुन्हेगार हजर असावा लागतो.

देवळात पांडुरंगांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायांकडे फळ्याचो प्रश्न इल्लो आसा." जमलेले तीसजण म्हणाले, "व्हय म्हाराजा." "तेचो तू निवाडो कर, आणि आयल्या-गेल्याक, भायल्या-वाटसराक सांबाळ." हे शेवटचं वाक्य प्रत्येक गाऱ्हाण्यात असतंच. "व्हय म्हाराजा." गुरवाने कौल घ्यायला देवाला फुलाच्या दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर पांडुरंग पहिले, डावी पडली तर यशवंत. तासभर एकही पडली नाही. इंग्रजी हा विषय देवाचाही कच्चा असावा, या विचाराने मास्तरांना जरा धीर आला. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरवाने हात जोडले आणि अर्थ सांगितला. दोघेही पहिले.

मास्तर घरी येऊन डोकं धरून बसले. फळ्याला वरची कड एकच असते. परवा इन्स्पेक्टर येणार. आठवी जाणार, अश्विनी काजूच्या बागेत जाणार, आणि हे सगळं एका नारळासाठी. तारा त्यांना जेवायला वाढत होती. ती म्हणाली, "गोल लिवा."

"काय?"

"वाक्यां गोल लिवा, घड्याळासारखी. गोलात पयलो कोण आणि शेवटचो कोण?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं आपण हिला फक्त मीठ कमी-जास्त झाल्याचं सांगत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

इन्स्पेक्टर कुलासो साहेब मडगावचे निघाले. उंच, सडसडीत, गळ्यात चष्मा. सरकारची भाषा कोंकणी, शाळेची मराठी, पाठ इंग्रजीचा, आणि साहेबांच्या डायरीचे मथळे अजून पोर्तुगीजमध्ये. साहेब वर्गात येऊन बसले तेव्हा शाळेच्या चारही खिडक्यांत गाव भरलं होतं. पहिल्या खिडकीत पांडुरंग परब होते, त्यांच्या बाजूला नेमका तेवढ्याच पुढे यशवंत. शेवटच्या खिडकीच्या कडेला, बागेतून परस्पर आलेली शेवंता, डोक्यावर काजूची पाटी तशीच. कोणी तिला जागा दिली नव्हती, तिने मागितलीही नव्हती.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"साहेब, आपण कुठूनही सुरुवात करा," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरी सतरा वेळा म्हणून पाहिलं होतं. सुरुवात परक्याच्या हाताने झाली म्हणजे गावात कोणाला बोलायला नको.

साहेबांनी छडी उचलली आणि नेमकी गणपतच्या कुत्र्यावर ठेवली. वर्गातला स्वप्नील उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गणपत इज द मॅन हूज डॉग गार्ड्स द व्हिलेज."

"व्हय म्हाराजा," चारही खिडक्या म्हणाल्या.

खरं पाहता यात कोणाचा दोष नव्हता. माणसं दाटीने उभी, पुढे एकजण उभा राहून गावातलं नाव घेऊन वाक्य बोलतो, वाक्य संपतं. अशा वेळी केरीच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. ते त्याच्या हातात नसतं. स्वप्नील घाबरून पुढच्या वाक्यावर गेला, "यशवंत इज द मॅन हू ड्राइव्हज द फेरी ऑन टाइम." खिडक्यांनी त्यालाही होकार भरला, यशवंताने जरा जोरात.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हें कितें, मास्तर?"

मास्तरांनी खरं सांगायचं ठरवलं. खोटं सुचायला वेळ लागतो, आणि वेळ नव्हता. त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं, मान सांगितला, पाकळ्या सांगितल्या. सांगताना ते साहेबांकडे नव्हे, पहिल्या बाकावरच्या अश्विनीकडे पाहत होते. तिच्यासाठी सुरू केलेलं काम आपण पुरतं घालवलं, एवढंच त्यांना कळत होतं.

साहेब ऐकून घेत होते. मग त्यांनी चष्मा पुसला. "आमगेर खुरसाकडेन लादाईन जाता," ते म्हणाले. लादाईन म्हणजे क्रुसापुढे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. "एकलो सांतांचीं नांवां घेता, सगळे जाप दितात. मदींच बंद केल्यार म्हजी आवय माका मारताली." आणि खिडक्यांकडे वळून त्यांनी पुढे चालू ठेवा म्हणून हात केला. "मुखार व्हरात."

मग मात्र पाठ रंगला. मुलं वाक्यं म्हणत होती, गाव होकार भरत होतं, साहेबांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. पांडुरंगांचं वाक्य वर्तुळाच्या अगदी तळाशी गेलं होतं, त्यामुळे ते उलटं होतं. विनायक नावाच्या मुलाने कमरेत वाकून, डोकं खाली करून ते वाचलं आणि त्याला सगळ्यांत मोठा होकार मिळाला. पांडुरंगांच्या चेहऱ्यावर तेज आलं. आपलं वाक्य डोक्यावर उभं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

वाक्यं संपली. साहेब म्हणाले, "आता फळ्यावरचं नको. स्वतःचं एक वाक्य कोण करील?"

वर्ग बसून राहिला. मास्तर कोणाचंच नाव घेऊ शकले नाहीत. मग अश्विनी उभी राहिली. तिने खिडकीकडे एकदा पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "माय मदर इज द वुमन हू कॅनॉट रीड धिस बोर्ड."

खिडक्या गप्प राहिल्या. त्यात कोणाचं ओळखीचं नाव नव्हतं, होकार कुठे भरायचा ते लोकांना उमजलं नाही.

"भायल्यांक अर्थ सांगात," साहेब हळूच म्हणाले.

मास्तरांनी सांगितला. "ती म्हणता, माजी आवय ती बायल, जिका हो फळो वाचूक येना."

शेवंताने पाटी डोक्यावरून उतरवली आणि खाली ठेवली. ती लेकीकडे बघत राहिली. तिला राग आला की काय, मास्तरांना कळेना. आणि मग त्यांना दुसरंच काहीतरी कळलं. पंधरा दिवस ज्या फळ्यासाठी गाव भांडलं, देवाला मध्ये घातलं, तो ह्या चार खिडक्यांतल्या एकालाही वाचता येत नव्हता. यशवंताला नाही, गणपतला नाही, आणि पांडुरंगांना तर मुळीच नाही. हे खिडक्यांनाही त्याच वेळी कळत असावं, कारण कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पांडुरंग परबांनी घसा साफ केला. गाऱ्हाण्यात पहिला होकार त्यांच्या घराचा.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. नेहमीच्या चढ्या आवाजात नाही, घरातल्या घरात बोलावं तसं. त्यांच्यामागून यशवंत म्हणाला, मग गणपत, मग एकेकटे सगळे. एरवी एकदम येणारा होकार त्या दिवशी मागेपुढे आला. मास्तरांनी डोळे पुसायला खडूचा हात वापरला, आणि नंतर दिवसभर ते पांढरे डोळे घेऊन हिंडले.

साहेबांनी खडू मागून घेतला. वर्तुळाच्या मध्ये मोकळी जागा होती. तिथे त्यांनी अश्विनीचं वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं, सरळ आणि मोठ्या अक्षरांत. डायरीत काय लिहिलं ते कोणाला दिसलं नाही. पुढे त्यांना तेरेखोलच्या शाळेत जायचं होतं. यशवंताने फेरी बरोबर वेळेवर सोडली, साहेब धक्क्यावर पोचायच्या आधी, आणि मग अर्ध्या नदीतून परत आणली.

एप्रिलमध्ये, शाळा बंद व्हायच्या दोन दिवस आधी पत्र आलं. आठवीचा वर्ग मंजूर, जूनपासून. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. फळ्यावरचं वर्तुळ त्यांनी केव्हाच पुसलं होतं, पण मधलं वाक्य पुसायला हात धजावत नव्हता. महिनाभर ते इतिहास त्याच्या सभोवती लिहीत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, दारात शेवंता उभी होती. काजूच्या चिकाने काळवंडलेले हात पदराला पुसत ती म्हणाली, "मास्तरानूं, माजां खंयचां तां बोट लावन दाखवा."

मास्तरांनी तिला आत बोलावलं आणि वाक्याच्या पहिल्या शब्दाखाली तिचं बोट ठेवलं. माय. मग मदर. तिने प्रत्येक अक्षर गिरवलं, खडू पुसला जाणार नाही इतकं हलकं.

तेवढ्यात दारात सावली पडली. पांडुरंग परब आले होते. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा कोणाच्या तरी दारी, आणि हातात काहीच नव्हतं, नारळसुद्धा नाही.

"हिचां जाल्यार माजां नाव कशां लिवतात तां दाखय," ते मास्तरांना म्हणाले.

"बसा," मास्तर म्हणाले. "जरा वेळ लागेल."

"लागांदी," पांडुरंग म्हणाले, आणि शेवंताच्या मागे, हात पाठीशी बांधून, आपला नंबर यायची वाट बघत उभे राहिले.